मुका मार

गेल्या वैशाखातली गोष्ट. माझा पुतण्या बैलगाडीतून कडबा आणत होता. त्याचा मोबाइल सदऱ्याच्या वरच्या खिशात होता. वाकताना तो खाली पडला आणि गाडीचे चाक त्याच्या कडेवरून गेले. खाली मऊ माती होती, म्हणून चुरा झाला नाही. काच तडकली. एक कोपरा जरासा वाकला. बाकी सगळे चालू होते.

घरी आल्यावर तो मला म्हणाला, "नाना, बघा, चाक गेलं तरी चालतोय. माल पक्का आहे."

मीही मान डोलावली. मला तरी कुठे काय ठाऊक होते?

बाजारच्या दिवशी त्याने तालुक्याला जाऊन काच बदलून आणली. दुरुस्तीवाल्याने वाकलेला कोपरा चिमट्याने सरळ करून दिला. आत काय झाले आहे ते त्याने पाहिले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

पुढे बारा दिवस गेले. रात्रीची जेवणे झाली होती. मोबाइल चार्जिंगला लावून गोधडीवर ठेवला होता. शेजारी पुतण्याची दोन वर्षांची मुलगी झोपली होती. सूनबाईला कसला तरी गोडसर, रंगाच्या डब्यासारखा वास आला. तिने जवळ जाऊन पाहिले. मोबाइलचे पाठीचे झाकण टम्म फुगले होते. हात लावला तर तव्यासारखा चटका बसला. तिने आधी मुलगी उचलली आणि मग हाक मारली. पुतण्याने बटण बंद केले, तार ओढून काढली. गोधडीचे टोक धरून मोबाइलसकट ती फरफटत अंगणात नेली. तो मागे सरतो न सरतो तोच फुस्स असा आवाज झाला. पांढरा धूर निघाला. मागोमाग हातभर ज्वाळा. आम्ही घागरीमागून घागर ओतली. गोधडी गेली. मुलगी वाचली.

त्या रात्री घरात कोणी झोपले नाही. पुतण्या पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, "नाना, चाक गेलं त्या दिवशी काही झालं नाही. मग बारा दिवसांनी का?"

मी छत्तीस वर्षे शाळेत मुलांच्या प्रश्नांना उत्तरे दिली. याचे उत्तर मला येईना. मग मी पुस्तके मिळवली. जाणत्यांना विचारले. जे समजले ते या पाठात सांगतो.

झाडावरून पडलेला माणूस कधी कधी उठून चालू लागतो. अंगावर ओरखडाही नसतो. "काही नाही झालं," म्हणतो. पण पोटात मार बसलेला असतो. रात्री दुखणे उठते. याला आपण मुका मार म्हणतो. रक्त निघाले तर मार बोलतो, मुका मार बोलत नाही. आपल्या मोबाइलमधल्या बॅटरीलाही असाच मुका मार बसतो.

ही बॅटरी कशी असते ते आधी पाहू. तिला लिथियम-आयन बॅटरी म्हणतात. लिथियम हा एक धातू आहे, फार हलका. जपानच्या सोनी कंपनीने 1991 साली अशा बॅटऱ्या प्रथम बाजारात आणल्या. आता त्या मोबाइलमध्ये आहेत, पॉवर बँकेत आहेत, नव्या विजेऱ्यांत आहेत, विजेवर चालणाऱ्या स्कूटरमध्ये आहेत. काही फवारणीच्या पंपांतही आहेत.

तिच्या आत पाणी नाही, यंत्र नाही. आत आहे एक वळकटी. तांब्याचा एक फार पातळ पत्रा घ्या. त्यावर काळा लेप द्या. पेन्सिलीत जे शिसे म्हणून असते त्याच जातीचा हा लेप. दुसरा पत्रा अॅल्युमिनियमचा. त्यावर दुसरी एक काळी पूड थापलेली. हे दोन पत्रे एकावर एक ठेवायचे, पण एकमेकांना लागू द्यायचे नाहीत. म्हणून मध्ये प्लास्टिकचा एक पातळ पडदा. मग सगळ्याची वळकटी करायची, किंवा घडीवर घडी घालायची. वरून एक द्रव ओतायचा आणि पिशवीत किंवा डब्यात बंद करायचे. झाली बॅटरी. हा द्रव पाण्यासारखा दिसतो, पण तो रॉकेलसारखा पेट घेतो. हे ध्यानात ठेवा.

मधला पडदा कसा? लग्नात वधूवरांच्या मध्ये अंतरपाट धरतात तसा. फरक एवढाच, की लग्नातला अंतरपाट मुहूर्ताला दूर होतो आणि सगळे आनंदाने टाळ्या वाजवतात. इथला अंतरपाट कधीच दूर व्हायचा नाही. तो दूर झाला की घात झाला.

या अंतरपाटाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात. त्यांतून लिथियमचे सूक्ष्म कण इकडून तिकडे जातात. वीज मात्र तिथून जाऊ शकत नाही. तिला बाहेरच्या तारेतून, मोबाइलमधून फिरून यावे लागते. फिरता फिरता ती आपले काम करते. विहिरीचे पाणी पाटाने वाफ्यावाफ्याला फिरावे, तशी. पण मध्येच पाट फुटला तर? सगळे पाणी एका जागी धो धो जाते आणि माती खणून काढते. अंतरपाट फाटला की विजेचे तसेच होते. दोन्ही पत्रे एकमेकांना भिडतात. बाहेरून फिरायची वीज आतल्या आत धावते. तिथे भयंकर उष्णता निर्माण होते. हेच शॉर्ट सर्किट. घरातल्या तारांत होते ते आपण पाहिले आहे. हे बॅटरीच्या पोटात होते.

आता हा अंतरपाट जाड किती? आपल्या डोक्यावरच्या केसाची जाडी घ्या. तिचा तिसरा-चौथा हिस्सा करा. तेवढा. एवढ्या पातळ पडद्यावर सगळा भरवसा आहे. खिळा आत गेला तर तो फाटतो हे सांगायला नको. पण बॅटरी वाकली, दबली, कोपरा चेपला, तरीसुद्धा आतले पत्रे सरकतात, मुडपतात. त्यांच्या कडा धारदार असतात. त्या पडद्याला टोचतात.

जोराचा मार असेल तर तिथल्या तिथे आग लागते. थोडा मार असेल तर पडदा लगेच फाटत नाही. नुसता ताणला जातो, विरतो. इथेच त्या बारा दिवसांचे उत्तर आहे. बॅटरी चार्ज करताना आतला काळा लेप किंचित फुगतो. वापरताना पुन्हा आकसतो. रोज फुगणे, रोज आकसणे. मुडपलेली कड रोज थोडी थोडी पडद्यावर घासते. शिवाय दबलेल्या जागी लिथियम नीट आत शिरत नाही. तो वरच साचतो. कधी त्याला सुईसारखे कोंब फुटतात. कोंब वाढत वाढत पलीकडे पोचला की काम संपले.

एकदा आत उष्णता झाली की पुढचा प्रकार वणव्यासारखा असतो. पाणी 100 अंशांना उकळते हे तुम्हाला माहीत आहे. बॅटरीच्या आतल्या लेपावर एक पातळ साय असते. पाणी उकळण्याइतकी उष्णता झाली की ती साय मोडते आणि त्यातून आणखी उष्णता निघते. सुमारे 130 अंशांना प्लास्टिकचा पडदा वितळू लागतो. मग जिथे मार बसला नव्हता तिथेही पत्रे भिडतात. 200 अंशांच्या पुढे गेले की त्या दुसऱ्या काळ्या पुडीतून प्राणवायू सुटतो. आगीला लागते काय? सरपण, उष्णता आणि प्राणवायू. इथे तिन्ही एकाच पिशवीत! म्हणून पोते टाकून, घोंगडी टाकून ही आग विझत नाही. बाहेरची हवा कोंडली तरी आतली कोंडत नाही.

हे धोके ही बॅटरी बनवणाऱ्यांना पहिल्यापासून ठाऊक होते. जपानमध्ये अकिरा योशिनो नावाचे शास्त्रज्ञ आहेत. त्यांनी 1986 साली एक परीक्षा घेतली. स्फोटके तपासायच्या जागी त्यांनी बॅटरी ठेवली आणि तिच्यावर लोखंडाचा जड तुकडा वरून पाडला. पहिल्यांदा आपली नवी बॅटरी ठेवली. ती चेपली, पण पेटली नाही. मग जुन्या पद्धतीची, शुद्ध लिथियम धातूची बॅटरी ठेवली. तिचा मोठा स्फोट झाला. बॅटरी किती वीज देते हे कोणीही पाहील. या माणसाने ती मार किती सोसते हे पाहिले, याचे मला मोठे कौतुक वाटते. 2019 साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेतले जॉन गुडइनफ आणि स्टॅन्ली व्हिटिंगहॅम हे त्यांचे वाटेकरी होते.

नवी बॅटरी जुनीपेक्षा सोशिक निघाली. पण सोशिक म्हणजे अमर नव्हे.

2016 साली सॅमसंग कंपनीने एक भारी किमतीचा मोबाइल काढला. नोट 7 त्याचे नाव. तो खिशात, गाडीत, घरात पेटू लागला. कंपनीला सुमारे 25 लाख मोबाइल परत मागवावे लागले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तो कायमचा बंद करावा लागला. पुढे शोध लागला तो असा. एका कारखान्याच्या बॅटरीत एका कोपऱ्यात पिशवी अपुरी पडत होती. त्यामुळे तिथले आतले पत्रे वाकत होते. दुसऱ्या कारखान्याच्या बॅटरीत जोडकामाचे टोकदार कण राहिले होते. हे वाचले तेव्हा मला आमचा वाकलेला कोपरा आठवला. एवढ्या मोठ्या कंपनीला वाकलेला कोपरा भोवला. आम्ही तर तो चिमट्याने सरळ केला होता. सरळ झाला तो बाहेरचा पत्रा. आतली घडी कोण सरळ करणार?

उशिरा लागणाऱ्या आगीचा एक मोठा दाखलाही आहे. 2011 सालच्या मे महिन्यात अमेरिकेत सरकारी परीक्षेसाठी एक विजेची मोटार मुद्दाम खांबावर आदळली. शेवरोले व्होल्ट तिचे नाव. धडकेने बॅटरीचे कवच दुखावले. बॅटरी गार ठेवणारा द्रव झिरपू लागला. त्या वेळी ते कोणाच्या ध्यानात आले नाही. मोटार आवारात उभी करून ठेवली. सुमारे तीन आठवड्यांनी ती आपोआप पेटली आणि शेजारच्या गाड्याही जळाल्या. जवळ माणूस नव्हता हे नशीब. तिथे तीन आठवडे, आमच्या घरी बारा दिवस.

रस्त्यावरचा मारही असाच. 1 ऑक्टोबर 2013 रोजी अमेरिकेतल्या केंट गावाजवळ टेस्ला कंपनीची एक मोटार चालली होती. मालमोटारीतून पडलेला एक वाकडा लोखंडी तुकडा तिच्या पोटाखाली आला. पाव इंच जाडीच्या पत्र्याला तीन इंचांचे भोक पाडून तो बॅटरीत घुसला. मोटारीनेच चालकाला गाडी थांबवून उतरायची सूचना दिली. तो उतरला, मग आग लागली. त्याला इजा झाली नाही. पुढच्या वर्षी कंपनीने अशा मोटारींच्या पोटाखाली आणखी भक्कम पत्रे बसवले.

आपल्याकडे विजेच्या स्कूटर खेड्यांतही आल्या. पुष्कळांची बॅटरी पायदानाखाली असते. आपले रस्ते तुम्ही जाणताच. गतिरोधकाला पोट घासते, दगड लागतो. काहींची बॅटरी काढून घरात आणता येते. ती कधी हातातून सुटते. अशा बॅटऱ्यांसाठी सरकारी नियम आहेत. काढता येणारी बॅटरी एक मीटर उंचीवरून काँक्रीटवर पाडून पाहतात. तिला हादरे देऊन पाहतात. त्यात ती पेटता कामा नये. हे चांगलेच आहे. पण परीक्षेतली बॅटरी ती एकदाची पडते. आपली किती वेळा पडली हे आपल्यालाच ठाऊक.

मग प्रत्येक बॅटरीची भीती बाळगायची का? नाही. विजेरीतले साधे सेल वेगळे. ट्रॅक्टरची जड बॅटरी वेगळी, तिच्यात शिसे आणि तेजाब असते. तिचे धोके निराळे. फवारणीच्या कित्येक पंपांतही शिशाचीच बॅटरी असते. ओळखायचे कसे? बॅटरीवर इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. त्यांतली दोन शोधा. पहिले अक्षर म्हणजे एक उभी काठी आणि तिच्या पायाशी उजवीकडे आडवी रेघ. हे एल. त्याच्या शेजारी एक छोटी उभी काठी आणि डोक्यावर टिंब. हे आय. ही दोन अक्षरे शब्दाच्या आरंभी जोडीने दिसली की ती लिथियमची समजा. मराठी अक्षरे तुम्ही शिकलातच. ही दोन आणखी शिकायला एक संध्याकाळ पुरे.

काही नव्या बॅटऱ्यांत लोह-फॉस्फेटची पूड असते. ती प्राणवायू सहज सोडत नाही. म्हणून ती जास्त सोशिक. पण आतला द्रव त्याच जातीचा, पेटणारा. तिलाही खिळा ठोकू नये.

आता सांभाळायचे कसे ते. मोबाइल मागच्या खिशात ठेवून बसू नका. तुमच्या वजनाने तो रोज थोडा वाकतो. मोबाइल किंवा बॅटरी जोरात आपटली, चाकाखाली गेली, वाकली, तर ती चालते आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बंद करा. चार्ज करू नका. चार्ज भरलेला असेल तर आगीचा जोर जास्त असतो, पाण्याने भरलेला तलाव फुटावा तसा. म्हणूनच नुसत्या लिथियम बॅटऱ्या विमानाने माल म्हणून पाठवताना त्या 30 टक्क्यांपेक्षा जास्त भरलेल्या चालत नाहीत, असा नियम 2016 साली झाला. आणखी गंमत ऐका. विमानात मोबाइल खुर्चीच्या फटीत पडला तर खुर्ची हलवू नका, आम्हाला बोलवा, असे तिथले कर्मचारी सांगतात. का, ते आता तुम्हीच सांगाल. खुर्चीच्या लोखंडात तो चिरडला तर आकाशात आग लागेल.

चाललेल्या बॅटरीची दुखापत ओळखू येते ती अशी: ती फुगते. झाकण वर उचलले जाते. काही काम नसताना गरम होते. चार्ज भरकन उतरतो. गोडसर, रंगासारखा वास येतो. यांतले एक जरी दिसले तरी पुरे.

फुगलेली बॅटरी दाबून बसवणारे मी पाहिले आहेत. एकाने दाभणाने टोचून "हवा काढतो" म्हटले होते. सायकलच्या ट्यूबची हवा निराळी आणि ही निराळी! आतला द्रव मोडून हा वायू झालेला असतो. टोचले की दाभणच दोन्ही पत्र्यांना जोडते आणि आग तोंडावर येते. टोचायचे नाही, दाबायचे नाही, स्क्रू ड्रायव्हरने उचकटायचे नाही. लोखंडी घमेल्यात कोरडी वाळू घ्या. त्यात बॅटरी ठेवा. घमेले घराबाहेर, कडब्यापासून, गोठ्यापासून लांब, सावलीत ठेवा. पोरांना तिकडे फिरकू देऊ नका.

धूर निघू लागला तर आधी माणसे हलवा. जमत असेल तर बटण बंद करा. धुरात थांबू नका. त्यात विषारी वायू असतात, ते छातीला आणि डोळ्यांना बाधतात. पुतण्याने गोधडी ओढत नेली ते धाडस फळाला आले. पण मी तुम्हाला तसे करा म्हणणार नाही. दोन क्षण उशीर झाला असता तर त्याचा हात गेला असता. मोबाइलएवढी छोटी बॅटरी असेल आणि वीज बंद केलेली असेल, तर लांबून भरपूर पाणी ओता. इथे पाणी उष्णता कमी करायला लागते, म्हणून एक तांब्या ओतून भागत नाही. विझली असे वाटले तरी ती तासा-दोन तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही पुन्हा पेटते. ती घरात आणू नका. स्कूटर पेटली तर मात्र जवळ जाऊच नका. तिच्यात पुष्कळ छोट्या बॅटऱ्या शेजारी शेजारी असतात. एक तापली की दुसरीला तापवते. लांब व्हा आणि 101 किंवा 112 या क्रमांकावर फोन करा.

निकामी बॅटरी उकिरड्यावर टाकायची नाही, चुलीत घालायची नाही. भंगारवाल्याला इतर लोखंडाबरोबर द्यायची नाही. तो बिचारा घणाने ठोकतो, पोते आपटतो. त्याला काय ठाऊक आत काय आहे? 2022 सालच्या सरकारी नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी त्या बनवणाऱ्यांवर आहे. ज्या कंपनीचा मोबाइल किंवा स्कूटर, तिच्या तालुक्यातल्या किंवा जिल्ह्यातल्या दुकानात ती न्यायची. नेताना तिच्या टोकांना चिकटपट्टी लावायची.

आमची जळकी बॅटरी मी चार दिवस वाळूत ठेवून मग तालुक्याला नेली. दुकानातला मुलगा आधी घेईना. "काका, ही तर मेलेली आहे," म्हणाला. मी त्याला म्हटले, "बाबा, मेली हे तू कशावरून ठरवलंस?" त्याने एकदा बॅटरीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले, आणि आतून वाळूचा डबा आणला. पुतण्या माझ्याबरोबरच होता. परत येताना त्याने मोबाइलसाठी झाकणाचा जाड खिसा शिवून घेतला. सूनबाईने घरी चार्जिंगची जागा बदलली. आता मोबाइल ओट्याच्या फरशीवर असतो. आजूबाजूला कापड नाही, कागद नाही. झोपायच्या आधी ती स्वतः बटण बंद करून येते.